अर्ध्या दिवसाची नोकरी आणि जादा वेळेचा हिशेब

पिरंगुटच्या एका शिलाई कारखान्यातील ही गोष्ट आहे. आमच्या परिचयाची एक भगिनी तेथे काज-बटण, धागे कापणे आणि घडी घालण्याच्या कामाला आहे. बोली ठरली ती सकाळी नऊ ते दुपारी एक. मुलगा पौडला पहिलीत शिकतो, त्याची शाळा दोनला सुटते. एकला काम संपले की बस धरायची आणि शाळा सुटण्यापूर्वी फाटकाशी उभे राहायचे, हा तिचा रोजचा क्रम. याच हिशेबाने तिने पूर्ण दिवसाचा पगार सोडून अर्ध्या दिवसाचे काम पत्करले होते.

एके दिवशी पावणेएक वाजता सुपरवायझर आला आणि म्हणाला, "भाभी, आज तीनपर्यंत थांबा. माल रात्रीच्या गाडीने जायचा आहे." ती म्हणाली, "भाई, मुलाची शाळा दोनला सुटते." त्यावर उत्तर आले, "कुणाला तरी फोन करून सांगा ना. दोनच तासांचा तर प्रश्न आहे."

दोनच तासांचा प्रश्न! शेजारीण त्या दिवशी माहेरी गेलेली, नवरा गाडी घेऊन महाडच्या वाटेवर. सहा वर्षांचे पोर शाळेच्या शिपायाजवळ साडेतीन वाजेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेतून बोलणी ऐकावी लागली ती वेगळीच. महिनाअखेरीस त्या दोन तासांचे पैसे मिळाले, तेही नेहमीच्याच दराने. असा प्रसंग त्या महिन्यात आणखी चार वेळा आला. आता ती काम सोडण्याच्या विचारात आहे आणि कारखानदार म्हणतो, "हल्ली माणसे टिकत नाहीत."

या गोष्टीत कोणी दुष्ट नाही. कारखानदार पाच वक्ताचा नमाजी आहे, पगार वेळेवर देतो. गाडी खरोखरच जायची होती. तरीही एका मुलावर आणि त्याच्या आईवर अन्याय झाला, हे आम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे. तो अन्याय का झाला आणि कसा टाळता येतो, याचाच विचार आज करायचा आहे. कारण आमच्या वाचकांत त्या कारखानदारासारखे व्यापारी आहेत आणि त्या भगिनीसारखी कारागीर कुटुंबेही आहेत.

मुळशीतला एक तास

मुळशी तालुक्याचे रूप गेल्या तीस वर्षांत पार बदलले आहे. कधी काळी आंबेमोहर तांदळासाठी ओळखला जाणारा हा भाग. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली उभा केलेला मुळशी सत्याग्रह याच मातीतला. आज एका टोकाला हिंजवडी-माणचे आयटी पार्क, मध्ये पिरंगुट-उरवडे पट्ट्यातील कारखाने, भूगाव-भुकूमच्या रस्त्यावर मंगल कार्यालये आणि लॉन्स, तर पुढे धरणाच्या काठाने ताम्हिणीपर्यंत पावसाळी पर्यटकांची हॉटेले. या साऱ्यांना अर्धवेळची माणसे लागतात. पॅकिंगला, भांड्यांना, साफसफाईला, शिलाईला, केटरिंगला, दुकानाच्या हिशेबाला. आणि अर्धवेळचे काम पत्करणारा बहुतेक वेळा कोण असतो? ज्याच्या घरी लहान मूल आहे तो.

ही केवळ मातांची गोष्ट आहे असेही समजू नये. पत्नी आजारी असल्यामुळे गॅरेजवर फक्त सकाळची पाळी करणारे बाप आम्ही पाहिले आहेत. मुलाला मकतबला पोचवायचे म्हणून असरपूर्वी दुकान सोडण्याची बोली करणारे सेल्समन आहेत. मात्र भार जास्त पडतो तो स्त्रियांवर, हे मान्य केले पाहिजे.

इथे एक तास थांबणे म्हणजे घड्याळातला एक तास नव्हे. पिरंगुट घाटात एखादा ट्रक बंद पडला किंवा हिंजवडीच्या चौकात संध्याकाळची गर्दी सुरू झाली, की माणूस किती वाजता घरी पोचेल ते अल्लाहच जाणे. ठरलेली बस चुकली की पुढची केव्हा येईल याचा भरवसा नाही. रिक्षा करावी तर दोन तासांच्या जादा मजुरीतला मोठा वाटा तिथेच जातो. म्हणून "दोनच तास" म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावे की तो समोरच्याचे तीन-साडेतीन तास घेत असतो.

मुंबईचे डबेवाले मूळचे याच मुळशी, मावळ, खेड, जुन्नर भागांतले. एका आगगाडीची वेळ चुकली तर शेकडो जेवणांची साखळी तुटते, हे त्यांना कोणत्याही व्यवस्थापन शाळेने शिकवले नव्हते. लहान मुलाच्या घरातली साखळीही तशीच असते. एक कडी निसटली की सारा दिवस निसटतो.

कायदा कुठे बोलतो आणि कुठे गप्प राहतो

आपल्या व्यापारी बंधूंचा एक गैरसमज असतो की जादा कामाचे काय ते कायद्याने ठरवून दिले आहे, त्यापलीकडे आपली जबाबदारी नाही. म्हणून कायदा काय सांगतो ते आधी पाहू.

कारखाना अधिनियम, १९४८ याने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ आणि दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि त्यावरील कामाला दुप्पट मजुरी ठरवली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही दिवसाला नऊ तास आणि त्यापुढे दुप्पट दर हेच सूत्र ठेवले. हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या नियमांत बदल करण्यास मान्यता दिली. दुकानांतील दिवसाचे तास नऊवरून दहा, कारखान्यांत नऊवरून बारापर्यंत, तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १४४ तासांपर्यंत, आणि दुकाने कायद्याची लागू होण्याची संख्या दहावरून वीस कामगारांवर, असे ते बदल. पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही जादा कामाला किमान दुप्पट दर कायम आहे, आणि जादा कामासाठी कामगाराची संमती हवी असेही म्हटले आहे.

आता यातली मेख पाहा. हा दुप्पट दर सुरू होतो तो पूर्ण दिवसाचे तास संपल्यावर. ज्याची बोली चार तासांची आहे त्याला सहा तास राबवले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो अजून पूर्ण दिवसाच्या आतच असतो. त्याचे पाचवे आणि सहावे तास 'जादा' ठरत नाहीत. पूर्णवेळ कामगाराच्या घरी दहावा तास जितका जड, तितकाच अर्धवेळ आईच्या घरी पाचवा तास जड असतो. कायद्याच्या तागडीत मात्र पहिला दुप्पट तुलतो आणि दुसरा एकेरी. शिवाय आपली बहुतेक दुकाने, बेकऱ्या आणि शिलाईचे कारखाने दहा-वीस माणसांच्या आतलेच. तिथे तपासणी अधिकाऱ्याची नजर क्वचितच पोचते.

जगात या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९४ साली अर्धवेळ कामाबाबत स्वतंत्र ठराव केला, त्याला भारताने मान्यता दिलेली नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे जर्मनीतील एका डायलिसिस सेवा देणाऱ्या संस्थेतील दोन अर्धवेळ काम करणाऱ्या महिलांचे प्रकरण आले होते. त्या संस्थेत जादा कामाचा वाढीव मोबदला पूर्णवेळ कामाचे तास ओलांडल्यावरच मिळे. २९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले की असा नियम अर्धवेळ कामगाराला कमी लेखतो. सबळ कारण दाखवता येत नसेल तर तो चालणार नाही, आणि अर्धवेळ काम करणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतील तर तो स्त्रियांशी केलेला भेदभावही ठरू शकतो. म्हणजे ज्याची जेवढी बोली, तेवढ्यापुढचे त्याचे काम जादा, हे तत्त्व तिथे मानले गेले.

आपल्याकडेही हालचाल दिसते. मुळशी तालुका ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात येतो, तेथील खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर मालकाचा फोन न घेण्याचा हक्क मिळावा असे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी विधेयकांचा कायदा क्वचितच होतो. झालाच, तरी तो आधी आयटी पार्कमधल्या संगणकावर बसलेल्या बाबूच्या कामी येईल. त्याच इमारतीत सकाळी चार तास फरशी पुसणाऱ्या आईच्या कामी येईलच असे नाही.

सरकारनेच घालून दिलेला वाईट धडा

अर्धवेळ म्हणून नेमायचे आणि पूर्ण वेळ राबवायचे, ही खोड केवळ लहान व्यापाऱ्यांची नाही. खुद्द सरकारने ती लावून घेतली आहे. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सेविका आणि मदतनीस या मानसेवी, अर्धवेळच्या मानल्या गेल्या. प्रत्यक्षात पोषण आहार, बालकांचे वजन, गरोदर मातांच्या भेटी, नोंदवह्या, मोबाईलवरची माहिती आणि वेळोवेळी येणारी सर्वेक्षणे असे काम वाढतच गेले. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय देताना, त्यांचे काम अर्धवेळचे आहे हे म्हणणे स्वीकारता येत नाही असेही नमूद केले. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना संपावर जावे लागले आणि तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला.

दुसऱ्यांच्या मुलांना खाऊपिऊ घालणाऱ्या या स्त्रियांची स्वतःची मुले त्या वेळी कुणाच्या भरवशावर असतात, हा प्रश्न सरकारने विचारला नाही. सरकारने केले म्हणून आपणही करावे, असे मात्र मुस्लिम व्यापाऱ्याला म्हणता येणार नाही. त्याला हिशेब दोन ठिकाणी द्यायचा असतो.

दीन काय शिकवतो

मजुरीच्या कराराला आपल्या फिकहमध्ये 'इजारा' म्हणतात. फुकहांनी मजुराचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक 'अजीर-ए-मुश्तरक', म्हणजे जो काम विकतो. शिंपी, रंगारी, लोहार असे. त्याने कापड शिवून दिले की मजुरी मिळाली, किती वेळ लागला हा त्याचा प्रश्न. दुसरा 'अजीर-ए-खास', म्हणजे जो आपली वेळ विकतो. त्याने ठरलेल्या वेळात स्वतःला मालकाच्या हवाली केले की तो मजुरीचा हक्कदार झाला. आमच्या कारागीर बंधूंना हा भेद रोजच्या व्यवहारातून ठाऊक आहेच. आता नऊ ते एक ही वेळ ज्या भगिनीने विकली, ती एक वाजून एक मिनिटाने कुणाची मजूर? कुणाचीच नाही. त्यापुढची वेळ मालकाला हवी असेल तर तो नवा सौदा आहे. आणि सौद्याला दोन्ही बाजूंची रजामंदी लागते, हे आपल्या धंद्यातल्या पोराटोरालाही कळते. दुसऱ्याच्या दुकानातला माल "दोनच तर आहेत" म्हणून आपण न विचारता उचलत नाही. मग वेळ कशी उचलतो?

कुरआनमध्ये सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या नोकरीचा प्रसंग आला आहे. मदयनच्या बुजुर्गांनी त्यांना कामावर ठेवताना आठ वर्षांची अट घातली. दहा पूर्ण केलीत तर ती तुमची खुशी, तुम्हाला कष्टात टाकण्याची माझी इच्छा नाही, असा त्या बोलण्याचा आशय आहे. आणि हजरत मूसा (अ.) यांनीही उलट स्पष्ट करून घेतले की दोन्हींपैकी कोणतीही मुदत पूर्ण केली तरी माझ्यावर जास्ती होऊ नये. आमच्या मते जादा कामाचा सारा कायदा या एका प्रसंगात आला आहे. अट आठची, तर हक्क आठचा. वरची दोन ही मजुराच्या खुशीची. मागायची तर कामाच्या सुरुवातीलाच, गाडी दारात उभी असताना नव्हे. आणि 'नाही' म्हटल्यास रोष नाही.

दुसरी गोष्ट सहीह हदीसमधली, आपण सर्वांनी जुम्माच्या खुतब्यात ऐकलेली. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) नमाज लांब पढण्याच्या इराद्याने उभे राहत. पण मागून एखाद्या लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला, की त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून नमाज आटोपती घेत. बंधूंनो, जिथे मूल रडते आहे या कारणाने अल्लाहच्या दरबारातली उभे राहण्याची वेळ कमी होते, तिथे आपल्या शर्टांच्या खोक्यांची काय मातब्बरी!

व्यापाऱ्याची अडचणही खरी आहे

याचा अर्थ व्यापाऱ्याने गाडी चुकू द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. लहान कारखानदाराची कुचंबणा आम्ही जाणतो. वर मोठी पार्टी बसलेली असते, ती सकाळी ऑर्डर देते आणि रात्री माल मागते. मध्येच लाईट जाते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत बेकरीवाल्याला आणि शिलाईवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. लग्नसराईत केटररला आदल्या दिवशी शंभर पाने वाढवून सांगितली जातात. जो ताण वरून येतो तो तो खाली ढकलतो.

पण नीट पाहिले तर यातले अर्धेअधिक अचानक नसतेच. ईद चांद दिसल्यावर ठरते हे खरे, पण रमजान येणार हे वर्षभर आधी माहीत असते. लग्नसराईच्या तारखा हॉलवाल्याकडे महिनोन्महिने आधी लागतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या रस्त्याला गर्दी होणार, हे हॉटेलवाल्याला ज्येष्ठातच ठाऊक असते. खरोखर आकस्मिक असे महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच येते. बाकीचे आपल्या नियोजनाच्या आळसातून येते आणि त्याची किंमत मात्र दुसऱ्याचे मूल चुकवते.

आता पैशांचा हिशेबही करू. समजा, अर्धवेळच्या बाईला ताशी ६० रुपये दिले जातात. चार तासांप्रमाणे २६ दिवसांचे ६,२४० रुपये झाले. घाईच्या महिन्यात तिला एकूण दहा तास जादा थांबवले. एकेरी दराने ६०० रुपये, दुप्पट दराने १,२०० रुपये. फरक फक्त ६०० रुपयांचा. हे ६०० वाचवण्याच्या नादात हात बसलेली बाई निघून गेली, तर नवी माणसे शोधायची, शिकवायची, तिचे चुकलेले काज उसवायचे आणि एखादा लॉट परत आला तर तोही सोसायचा. कोणता सौदा महाग आहे, हे आम्ही व्यापाऱ्यांना सांगावे काय?

म्हणून ज्यांच्याकडे अर्धवेळची माणसे आहेत त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात असे आम्हाला वाटते. पहिली, कामावर ठेवतानाच विचारून घ्यावे की घरी लहान मूल आहे का, आणि महिन्यातून कोणते दिवस थांबता येईल. ते साध्या कागदावर दोघांच्या सहीने लिहून ठेवावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद देणाऱ्या दीनचे आपण अनुयायी आहोत, मजुरीची बोलीच का तोंडी राहावी? दुसरी, जादा काम आदल्या दिवशी सांगावे, आणि ते जमलेच नाही तर निदान सकाळी हजेरीच्या वेळी. सुटीच्या पंधरा मिनिटे आधी नव्हे. तिसरी, बोलीपुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट मजुरी द्यावी, कायद्याने सांगो वा न सांगो, आणि उशीर झाल्यास घरी पोचवण्याची सोय करावी. ते पैसे त्याच दिवशी हातावर ठेवले तर फारच उत्तम. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण केवळ भिंतीवर लावण्यासाठी नाही. चौथी, जी 'नाही' म्हणेल तिचे पुढचे काम कमी करून सूड घेऊ नये. ज्या 'हो'मागे नोकरी जाण्याची भीती आहे, ती रजामंदी नव्हे.

काम करणाऱ्या आईबापांसाठी

आता दोन शब्द दुसऱ्या बाजूला. हक्काची गोष्ट बोलणाऱ्याने आपले काम चोख ठेवले पाहिजे. नऊची बोली असताना साडेनऊला येणे, कामाच्या वेळात मोबाईल पाहत बसणे आणि मग एकच्या ठोक्याला उठणे, हे बरोबर नाही. वेळ विकली आहे तर ती पुरी मापून द्यावी. माप पुरे देणाऱ्याचीच 'नाही' ऐकली जाते.

दुसरे, 'नाही' म्हणण्याचीही रीत असते. बहाणे करू नयेत. आज सासू आजारी, उद्या पाहुणे, असे खोटे सांगितले की खऱ्या अडचणीवरही विश्वास उरत नाही. सरळ सांगावे, "भाई, मुलाला आणायला दुसरे कोणी नाही. आज जमणार नाही. पण उद्या सकाळी आठला येऊन दोन तास भरून देते." घाईला हातभार लागला आणि मूलही फाटकाशी उभे राहिले नाही. महिन्याच्या सुरुवातीला आपणच होऊन सांगावे की मंगळवार आणि शुक्रवार मी दोन तास जादा थांबू शकते, इतर दिवशी नाही. मालकाला आधार मिळाला की तो इतर दिवशी धरून बसत नाही.

तिसरे, एक लहान वही ठेवावी. तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष सुटण्याची वेळ, मिळालेली रक्कम. महिनाअखेरीस वही उघडून बोलले की भांडण होत नाही, हिशेब होतो.

चौथे, शाळेत आईबापांखेरीज आणखी दोन माणसांची नावे आणि फोन देऊन ठेवावेत, म्हणजे अडीअडचणीला मूल कुणाच्या हाती द्यायचे हे शाळेलाही कळते. आणि घरच्या पुरुषांनी समजून घ्यावे की मुलाला आणणे ही आईचीच ड्यूटी असे कुठे लिहिलेले नाही. स्वतःचे जोडे दुरुस्त करणारे आणि घरकामात हात लावणारे पैगंबर (स.) आपले आदर्श आहेत. तेव्हा दुकान अर्धा तास मुलाच्या हवाली करून नातवाला शाळेतून आणणाऱ्या आजोबांची इज्जत कमी होत नाही.

वस्तीने काय करावे

पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, असे बंधन मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आले. आपले कारखाने त्या संख्येत बसत नाहीत. पण पाच-सहा लहान कारखानदारांनी मिळून एक खोली आणि एक विश्वासू बाई ठेवायची म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार खर्च येत नाही. त्याच बाईला एक रोजगारही मिळतो. जिथे तेही शक्य नाही तिथे मशिदीच्या मकतबची खोली दुपारी दोन ते असरपर्यंत उघडी ठेवता येईल. मुले सावलीत बसतील, पाणी पितील, गृहपाठ करतील. या कामासाठी चंद्याची मोठी पावती फाडावी लागत नाही, जमातीतल्या दोन निवृत्त माणसांची तयारी पुरते.

शेवटी त्या पिरंगुटच्या कारखान्याकडे येऊ. त्या भगिनीने अजून काम सोडलेले नाही. कारखानदाराशी आमचे बोलणे झाले तेव्हा तो म्हणाला, "मला तिने मुलाचे आधी कधी सांगितलेच नाही." आम्ही विचारले, "तुम्ही कधी विचारलेत?" तो गप्प राहिला. मग म्हणाला की पुढच्या महिन्यापासून फळ्यावर आठवड्याच्या गाड्यांच्या वेळा लिहून ठेवतो, ज्याला थांबणे जमेल त्याने आधीच नाव सांगावे. दुप्पट दराबद्दल त्याने अजून होकार दिलेला नाही. देईल अशी आम्हाला आशा आहे.

एक फळा आणि एक खडू. बहुतेक कारखान्यांत आजच्या आज एवढी सुरुवात होण्यासारखी आहे. रोजीत बरकत यावी अशी दुआ आपण सारेच करतो. आपल्या रोजीसाठी कुणाचे मूल शाळेच्या फाटकाशी ताटकळत बसलेले नाही ना, हे दुआसाठी हात उचलण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.